बटरच्या गळ्यातली घंटा

गावाकडची जनावरं आपलं म्हणणं मोठ्याने मांडत. शेळीला भूक लागली की ती ओरडे, बैल तहानले की दाव्याला हिसके देत, आणि कोंबडी तर एक अंडं घालून सगळ्या आळीला त्याची वर्दी देई. शिरूर तालुक्यातल्या अशा बोलक्या घरात वाढलेल्या शर्मिला भालेराव यांची न बोलणाऱ्या जनावरांशी गाठ पडली ती पन्नाशी उलटल्यावर, धायरीतल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये.

ते दोन ससे होते. तपकिरी रंगाची, कायम फुरंगटल्यासारखी दिसणारी मादी म्हणजे खारी, आणि गोलमटोल, बदामी रंगाचा नर म्हणजे बटर. बेकरीतल्या जिनसांची ही नावं त्यांच्या भाचीने, पूर्वाने ठेवली होती. पूर्वा हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला होती आणि आत्याकडे राहत होती. रोजच्या जाण्यायेण्यात तिचा जीव निम्मा होऊ लागला, तेव्हा तिने कंपनीजवळच्या वसतिगृहात खोली घेतली. तिथे प्राणी चालत नसत. "महिनाभर सांभाळ गं आत्या, मी काहीतरी बघते," असं सांगून ती गेली. महिना उलटला. पूर्वाने काही बघितलं नाही आणि शर्मिलाताईंनी आठवण करून दिली नाही. संध्याकाळी दार उघडल्यावर दोन जोड कान आपल्या दिशेने वळतात, याची त्यांना सवय होऊन बसली होती.

मणक्यातली गाठ काढल्यापासून शर्मिलाताई व्हीलचेअरवर होत्या. कमरेखालचं शरीर हलत नव्हतं आणि त्याला काही जाणवतही नव्हतं. पाटबंधारे खात्यातली नोकरी त्यांनी सोडली नव्हती, आणि त्याबद्दल कोणी कौतुक केलेलं त्यांना खपत नसे. घर त्यांनी खुर्चीच्या मापाने लावून घेतलं होतं. आता ते सशांच्या मापानेही लावणं भाग पडलं. विजेच्या तारा नळीत घातल्या, कारण खारी त्या मेथीच्या काड्यांसारख्या कुरतडायची. गुळगुळीत फरशीवर सशांचे पाय घसरत, म्हणून रबरी चटया अंथरल्या. खुर्चीची पुढची चाकं चटईच्या कडांना अडकू लागली, तेव्हा त्या कडा फरशीला चिकटवून टाकल्या. वाळलेल्या गवताची टोपली आणि लेंड्यांचा ट्रे हात पोहोचेल अशा बुटक्या बाकावर आला आणि त्याला सशांसाठी उतरती फळी लागली. ससा खुर्चीत बसून उचलायचा नाही, हेही त्या शिकल्या. घाबरलेला ससा मागच्या पायांनी अशी लाथ झाडतो की त्याचा स्वतःचाच मणका मोडू शकतो. हे वाक्य त्यांना दोनदा वाचावं लागलं नाही.

एवढं सगळं जमलं, पण बटरचं काय करायचं ते जमेना. त्याला खुर्ची आवडे. खुर्ची थांबली रे थांबली की तो येऊन मागच्या मोठ्या चाकाला पाठ लावून पसरे. खुर्चीत बसलेल्या माणसाला स्वतःच्या मागचं दिसत नाही, आणि चाकाखाली काही आलं तर ते हाताला कळतं, पण उशिरा. एकदा ओट्यापासून मागे येताना चाक किंचित अडखळलं. त्यांनी तत्काळ हात आवरला. बटर धूम पळाला. चाकाखाली त्याच्या शेपटीकडचे मूठभर केस राहिले होते.

त्यांनी ते लपवलं नाही. पूर्वाला फोन करून सांगितलं.

"अगं आत्या!" पूर्वा घाबरलीच. "मला हीच भीती होती. बाणेरला माझ्या टीममधल्या सलोनीचा बंगला आहे, गार्डन वगैरे. ती दोघांनाही घ्यायला तयार आहे. विचारू का तिला?"

"एक संधी दे मला," शर्मिलाताई म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर तू म्हणशील तसं."

हे बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडे संधी मागितली नव्हती, आणि आता मागितली ती दोन सशांसाठी.

उपाय सांगायला माणसं कमी नव्हती. मोबाइलवरच्या एका चित्रफितीत म्हटलं होतं, ससे मोकळे ठेवा. दुसरीत म्हटलं होतं, जाळीत ठेवा. समोरच्या फ्लॅटमधल्या मंदाकिनीबाई म्हणजे नारायण पेठेतून धायरीला आलेल्या निवृत्त शिक्षिका. घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे. त्यांनी चष्म्यावरून बघत मत दिलं, "अहो भालेरावबाई, एक तर चाकं तरी ठेवा नाही तर ससे तरी. दोन्ही वाहनं एका रस्त्यावर कशी चालायची?" शेवटी शर्मिलाताईंनी गावी आईला, चंद्रभागाबाईंना फोन लावला.

"जयभीम, आई."

"जयभीम. सशे काय म्हणत्यात?"

"काहीच म्हणत नाहीत. तीच तर अडचण आहे. कुठे आहेत ते कळत नाही."

"मंग घंटा बांध की! करडांच्या गळ्यात बांधायचो न्हवं आपण? डोळ्याआड गेलं तरी आवाज येतोय. हाय अजून माझ्याकडं ती. लावून देते तुझ्या भावाबरुबर."

किती सोपं होतं! आपल्याला हे सुचू नये याची शर्मिलाताईंना थोडी शरमच वाटली. रविवारी भाऊ भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि ती घंटा घेऊन आला. बोराएवढी, पितळी, आतला लोळा झिजलेला. पण आवाज अजून स्वच्छ होता. दोघांनी मिळून ती मऊ फितीत ओवून बटरच्या गळ्यात घातली. खारीला गरज नव्हती. ती खुर्चीला पाहूनच पाठ फिरवत असे.

मंदाकिनीबाई घंटा बघायला मुद्दाम आल्या. "वा! तुमच्या घरी देव नाही म्हणता, आणि घंटा मात्र आली."

"घंटा आली आहे," शर्मिलाताई शांतपणे म्हणाल्या, "पण पुजारी बसल्या जागी लेंड्या टाकतो."

पहिले दोन दिवस बटर वेड्यासारखा घरभर उधळला. घंटा किणकिणत राहिली. मग तो थांबला, आणि नंतरचे दिवस शर्मिलाताईंना फार निवांत वाटले. खुर्ची हलवण्याआधी त्या कान देत. घंटा वाजली नाही, म्हणजे बटर जवळपास नाही. त्या निर्धास्तपणे मागे येत, वळत, स्वयंपाकघरातून बैठकीत जात. घंटा दिवसेंदिवस कमीच वाजू लागली. बटर आता कोथिंबिरीची जुडी सोडतानाही धावत येत नसे. कुठेतरी बसलेला असे, आणि खारीचं खाऊन झाल्यावर हळूच दोन पानं ओढी.

"सुधारला म्हणायचा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

शर्मिलाताईंनाही तसंच वाटलं. एवढंच की सकाळी सुपली फिरवताना ट्रेमधल्या लेंड्या त्यांना लहान आणि थोड्या वाटत. ऊन वाढलंय, त्यामुळे असेल, असं त्या मनाशी म्हणत. पण कुठेतरी काहीतरी जुळत नव्हतं. शहाणा झालेला प्राणी असा पोक काढून बसतो का? शेळी असती तर तिने सांगितलं असतं. हा समोरून बघत राही, नाक हलवत, आणि त्याच्या त्या गोल डोळ्यांत समाधान आहे की भीती, हे काही केल्या कळत नसे.

एका संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यांनी चहा टाकला. कान दिला, घरात आवाज नव्हता. कप मांडीवरच्या ट्रेमध्ये ठेवून त्या खुर्ची मागे घेऊ लागल्या, आणि चाक पुन्हा अडखळलं. या वेळी बटर पळाला नाही. चाकाच्या अगदी पाठीशी, चटईवर चपटा होऊन, कान पाठीवर टाकून तो दगडासारखा बसलेला होता. पुढच्या पायाचं एक नख तुटलं होतं आणि चटईवर रक्ताचा ठिपका पडला होता.

शर्मिलाताईंनी ब्रेक लावला. घंटा वाजली नव्हती. त्यांनी नीट ऐकलं होतं. नक्की ऐकलं होतं. मग तो तिथे आला कसा? आणि आला तर घंटा का वाजली नाही? त्यांनी वाकून गळ्यातल्या फितीला बोट लावलं. किण् असा लख्ख आवाज आला. बटर आणखी चपटा झाला.

मंदाकिनीबाईंना हाक मारली. त्यांनी बटरला टॉवेलसकट उचलून पेटीत ठेवलं, पेटी शर्मिलाताईंच्या मांडीवर पट्ट्याने बांधली, आणि दोघी रिक्षाने सिंहगड रस्त्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. वाटेत मंदाकिनीबाई एकच वाक्य बोलल्या, "चहा राहिला तुमचा," आणि एरवी ज्या सुरात त्या बोलतात तो सूर त्यात नव्हता.

डॉक्टर अवधूत तरुण होते आणि फार बोलणारे नव्हते. नखाला त्यांनी औषध लावलं. हाड शाबूत आहे म्हणाले. मग बटरला वजनाच्या काट्यावर ठेवून विचारलं, "खातोय का नीट? वजन उतरलंय."

"मला वाटलं होतं, खातोय," शर्मिलाताई म्हणाल्या. स्वतःचं हे उत्तर त्यांना फार दुबळं वाटलं.

तपासणीच्या टेबलावर सोडल्यावर बटरने एक पाऊल टाकलं. घंटा वाजली. तो जागच्या जागी गोठला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा मान हलवली, पुन्हा आवाज, पुन्हा तो गोठला. शर्मिलाताई बघत होत्या. आपल्याला काहीतरी दिसतंय, पण काय दिसतंय ते कळत नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

"हे आधी काढू," डॉक्टर कात्री घेत म्हणाले. "सशाच्या गळ्यात काही बांधू नये. कशात अडकलं तर मान जाईल." त्यांनी फीत कापली आणि घंटा शर्मिलाताईंच्या हातात दिली. बटर क्षणभर तसाच बसला, मग त्याने सगळं अंग झाडलं, आणि टेबलाच्या चारही कडा एकेक करून हुंगून आला.

घरी आल्यावर त्यांनी पूर्वाला फोन केला. शब्द दिला होता.

"आत्या, मी या रविवारी येते आणि दोघांना घेऊन जाते," पूर्वा म्हणाली. मग घाईने, "तुझी चूक आहे असं नाही म्हणत मी. प्लीज तसं समजू नकोस. पण त्याचा पाय गेला असता तर?"

"बरं," शर्मिलाताई म्हणाल्या. पाय जाणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

पुढचे दिवस त्यांनी सशांना बैठकीच्या कोपऱ्यात जाळीआड ठेवलं. बटर खाऊ लागला. लेंड्या पुन्हा मोठ्या झाल्या. घंटा जेवणाच्या टेबलावर पडून होती, आणि शर्मिलाताई जाता-येता तिच्याकडे बघत. वाजणारी घंटा वाजली नाही. का? घंटा करडांच्या गळ्यात वाजत होती, आईला सापडत होती. मग इथे काय चुकलं? ससा करडू नाही, एवढं तर कुणालाही कळतं. पण एवढ्यावर कोडं सुटत नव्हतं.

आईला नख तुटल्याचं सांगितलं तेव्हा चंद्रभागाबाई हळहळल्या, आणि नेहमीप्रमाणे दोष दुसरीकडे ढकलला. "आगं, घंटा हरवू नये म्हणून बांधायची असती. तुझं घर ते केवढं, त्यात हरवतंय काय? आन् तू गाडी हाकतीस का शेळ्या राखतीस, ते तरी ठरीव."

आईने ते चिडून म्हटलं होतं. तिच्या मनात त्यापलीकडे काही नव्हतं, याची शर्मिलाताईंना खात्री होती. कारण लगेच पुढे तिने सशाच्या नखाला हळद लावायला सांगितलं. पण फोन ठेवल्यावर 'गाडी' हा शब्द तेवढा त्यांच्याजवळ राहिला.

वडिलांची बैलगाडी होती. विहिरीपाशी रस्ता वळत होता, आणि वळणापलीकडचं दिसत नसे. बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा असत. त्या काही बैल हरवू नयेत म्हणून नव्हत्या. बैल गाडीला जुंपलेले, ते जातात कुठे? माळा वाजत त्या वळणापलीकडच्यांसाठी. डोक्यावर हंडा घेतलेली बाई, खेळणारी पोरं, सगळी बाजूला सरत. शेळीची घंटा राखणाऱ्याने ऐकायची आणि बैलाची घुंगरं वाटेवरच्याने. लहानपणी दोन्ही आवाज कानावरून जात होते, आणि त्यांतला फरक कधी विचारात घ्यावा लागला नव्हता. आता त्यांनी या घरात जड चाकं ज्याची, त्याला मोकळं सोडलं होतं, आणि ज्याने चाकांपासून वाचायचं, त्याच्या गळ्यात आवाज अडकवला होता. जिथे जावं तिथे आवाज, आणि तो कुठून येतो हेही कळू नये. मग त्या बिचाऱ्याने एकच गोष्ट केली: हलणं सोडलं.

हे खरं की आपण रचलेलं, हे त्यांना ठरवता येईना. तरी त्यांनी घंटा उचलली आणि आसनाखालच्या दांडीला, हात पुरेल तिथे, बांधली.

खुर्ची पुढे सरकली, घंटा वाजली. जाळीआड बटरचे कान उभे राहिले, आणि खुर्ची जिकडे जाई तिकडे वळत राहिले. तो चपटा झाला नाही. त्यांनी जाळी काढली, एक चाकभर पुढे गेल्या आणि थांबल्या. पुन्हा चाकभर, पुन्हा थांबल्या. बटर चार उड्या मारून कपाटाच्या बाजूला झाला. त्यांनी दुसऱ्यांदा करून बघितलं तेव्हा तो मुळीच हलला नाही. तिसऱ्यांदा हलला, पण तेव्हा कोथिंबीर खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला पडलेली होती. निष्कर्ष काढावा तर काय काढावा?

त्या रविवारी पूर्वाला कंपनीने काम लावलं, म्हणून तिचं येणं पुढच्या रविवारवर गेलं. शर्मिलाताईंना आठवडा मिळाला. घंटा त्यांनी सोडली नाही. काढायची-बांधायची दगदग नको म्हणून ती ऑफिसातही गेली. तिथे रामदास शिपाई म्हणाला, "मॅडम, फार सोय झाली बघा. तुम्ही कॉरिडॉरला लागलात की सगळे आपापल्या टेबलाशी." त्यांना हसू आलं, आणि त्याच क्षणी वाटलं की हे लिहून ठेवण्याजोगं प्रमाण आहे, फक्त ते माणसांबद्दल आहे, सशांबद्दल नाही.

रविवारी पूर्वा आली ती दुसरी रिकामी पेटी घेऊन. तिने सशांना जवळ घेतलं, नख बघितलं, मग जमिनीवर मांडी घालून बसली. "सलोनी चारला वाट बघतेय," ती म्हणाली. पण आत्याकडे न बघता.

"चहा घे आधी," शर्मिलाताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. घंटा वाजली. खारी नेहमीच्या तोऱ्यात टेबलाखाली गेली.

"हे काय? घंटा तर त्याला बांधली होती ना?"

"चुकून," शर्मिलाताई म्हणाल्या. एवढंच. बैल, वळण, विहीर हे सगळं सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण सांगताना ते फारच शहाणपणाचं वाटेल, आणि आपण तेवढ्या शहाण्या आहोत का, याची त्यांना खात्री नव्हती.

त्या चहा घेऊन निघाल्या. बैठकीच्या दारात, खुर्चीच्या बरोबर वाटेवर, बटर एका कुशीवर पसरला होता, चारही पाय ताणून, पोट उघडं टाकून. पूर्वा उठू लागली. शर्मिलाताईंनी हात करून तिला थांबवलं. त्या चाकभर पुढे गेल्या. घंटा वाजली. बटरने एक कान वर केला, त्यांच्याकडे वळवला, आणि पुन्हा खाली ठेवला. हलला मात्र नाही.

"आत्या, त्याने ऐकलं ना? मग सरकत का नाही?"

"ठाऊक नाही."

"म्हणजे तो घाबरला नाहीये, हे चांगलं की वाईट?"

"तेही ठाऊक नाही." शर्मिलाताईंनी कप असलेला ट्रे सावरला. "आता मला एवढंच कळतं, की तो इथे आहे हे मी बघून घ्यायचं, आणि मी येतेय हे त्याला ऐकू जायला हवं. पूर्वी मी नुसतीच ऐकत होते. आणि मागे तर आता मी येतच नाही. आधी वळते, बघते, मग जाते."

त्या थांबून राहिल्या. चहावर साय धरली. पूर्वा आळीपाळीने दोघांकडे बघत होती. शेवटी बटर उठला, जांभई दिली, आणि दारातून बाजूला सरकला तो नेमका चाकाकडे. चाकाला नाक लावून हुंगलं, दोन-तीनदा त्यावर हनुवटी घासली, मग मात्र खारीच्या मागे टेबलाखाली गेला. हनुवटी घासून ससा वस्तू आपली म्हणून नोंदवतो, हे दोघींनीही कुठेतरी वाचलेलं होतं.

पूर्वाने फोन काढला, काहीतरी लिहिलं, आणि तो पालथा ठेवला.

"काय लिहिलंस?"

"आज जमत नाहीये, असं." मग तिने टेबलाखाली वाकून बघितलं. "मला अजून भीती वाटते, आत्या."

"मलाही वाटते. वाटू दे."

चार वाजून गेल्यावर मंदाकिनीबाई डोकावल्या. रिकामी पेटी अजून दाराशीच होती. "नवीन पेटी? कुणाला पाठवताय?"

"कुणालाही नाही," पूर्वा म्हणाली. "दवाखान्यात न्यायला असू दे. दोघांना दोन लागतील."

मंदाकिनीबाईंनी पेटीकडे, पूर्वाकडे आणि मग खुर्चीखालच्या घंटेकडे पाहिलं. "असं होय," त्या म्हणाल्या. "पुजारी तेच, फक्त देवळाला चाकं आली."

शर्मिलाताईंनी रिकामे कप ट्रेमध्ये घेतले होते. त्या कप ठेवायला निघाल्या होत्या. निघण्यापूर्वी त्यांनी डावीकडे वाकून बघितलं, मग उजवीकडे वाकून बघितलं, आणि मगच चाकाला हात घातला.